पहिल्या अल्बमच्या आधीचा अल्बम

प्रश्न असा आहे: "सर, आम्ही चौघे बेळगावच्या टिळकवाडीत एका खोलीत प्रॅक्टिस करतो. मी खानापूरचा, गिटार वाजवतो आणि गातो. बँडमध्ये महिनाभर एकच भांडण चाललंय. माझ्या आणि दुसऱ्या गिटारवाल्याच्या मते पोस्ट-पंकमधला, म्हणजे पंकनंतर आलेल्या रॉकमधला, सगळ्यात भारी पहिला अल्बम म्हणजे जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स'. तो इतका खास वाटतो कारण पैसे नव्हते, साधा स्टुडिओ होता, असं माझं म्हणणं. ड्रमर म्हणतो स्ट्रोक्सच्या 'इज धिस इट'समोर कोण उभा राहतोय. आमची बेसिस्ट आर्क्टिक मंकीजवर अडून बसली आहे. तुम्ही इतकी वर्षं रेकॉर्डिंग करता, निकाल द्या. आणि आम्हाला पुढच्या उन्हाळ्यात आमचा स्वतःचा अल्बम करायचा आहे, मराठीत, दहा-बारा गाण्यांचा. सुरुवात कुठून करू?"

निकाल देतो की, पण तो तुमच्या चौघांपैकी एकाच्याही बाजूने जाणार नाही.

आधी एक गोष्ट ऐक. तुम्ही ज्या तीन अल्बमवरून भांडताय, त्यातले दोन त्या बँडचे पहिले प्रयत्नच नाहीत. दुकानात ते पहिले आले, एवढंच. त्यांच्या आधीचं काम टाकून दिलेलं आहे. जॉय डिव्हिजननं मे 1978 मध्ये मँचेस्टरमध्येच जवळजवळ अख्खा अल्बम रेकॉर्ड केला होता. तो त्यांना आवडला नाही. वरून सिंथेसायझर चढवलेला तर अजिबातच नाही. प्रकरण तिथंच थांबलं. पुढे त्या टेप चोरून छापल्या गेल्या, आज त्या ऐकायलाही मिळतात. 'अननोन प्लेझर्स' त्यानंतर वर्षभरानं, एप्रिल 1979 मध्ये रेकॉर्ड झाला आणि जूनमध्ये फॅक्टरी रेकॉर्ड्सनं काढला. स्ट्रोक्सचंही तेच. गॉर्डन राफेल या प्रोड्युसरबरोबर (म्हणजे रेकॉर्डिंग घडवून आणणाऱ्याबरोबर) केलेल्या तीन गाण्यांच्या डेमोवर नाव झालं, मग अल्बमसाठी गिल नॉर्टन आणला. पिक्सीजचे अल्बम केलेला मोठा माणूस. काही गाणी झाली, ऐकली, आणि बँडनं ती बाजूला ठेवली. फार चकचकीत झाली होती म्हणे. परत राफेलकडे, न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या त्याच्या तळघरात.

यादी इथं संपत नाही. टेलिव्हिजन या न्यूयॉर्कच्या बँडनं 1974 मध्ये ब्रायन ईनोबरोबर डेमो केले, बँडचा गायक टॉम व्हर्लेनला तो आवाज पटला नाही, आणि 'मार्की मून' हा पहिला अल्बम यायला 1977 उजाडलं. मधल्या काळात ती गाणी त्यांनी सीबीजीबी क्लबच्या स्टेजवर घासून घासून गुळगुळीत केली. स्टोन रोझेसनं 1985 मध्ये मार्टिन हॅनेटबरोबर अल्बमभर गाणी रेकॉर्ड केली आणि ती तशीच पडून राहिली; जॉन लेकीनं केलेला, आपण सगळे ओळखतो तो अल्बम 1989 चा. आर.ई.एम. या अमेरिकन बँडला त्यांच्या कंपनीनं 'मर्मर' या पहिल्या अल्बमच्या आधी स्टीफन हेगबरोबर एक गाणं करून बघायला लावलं. त्यानं टेकवर टेक घ्यायला लावले, वर कीबोर्ड भरले, पोरं वैतागली आणि जुन्या मिच ईस्टरकडे परत गेली. द स्मिथ्सनं 1983 मध्ये ट्रॉय टेटबरोबर पूर्ण अल्बम केला, तो टाकला आणि जॉन पोर्टरबरोबर सगळा नव्यानं केला.

हे सगळं सांगतोय ते तुझ्या दुसऱ्या प्रश्नासाठी. "पुढच्या उन्हाळ्यात अल्बम" असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला त्यात टाकून द्यायच्या अल्बमला जागाच दिसत नाही.

आता या टाकलेल्या आणि ठेवलेल्या कामात फरक काय पडला ते बघू. कारण दुसऱ्यांदा केलं की चांगलंच होतं असं काही नाही. स्मिथ्सचंच घे. 1984 चा तो अल्बम इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, पण मला तो आजही थोडा मेलेला वाटतो. गाणी सोन्यासारखी, आवाजावर धूळ. त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या 'हॅटफुल ऑफ हॉलो' या संग्रहात यातली काही गाणी बीबीसीच्या सेशनमधली आहेत. रेडिओची ती सेशन्स एका दिवसात उरकायची असत. घासाघीस करायला वेळच नसायचा. दोन्ही एकापाठोपाठ लावून ऐक. जॉनी मारची गिटार सेशनमध्ये श्वास घेते, अल्बममध्ये घेत नाही.

जॉय डिव्हिजनच्या बाबतीत फरक उलट्या दिशेनं आणि प्रचंड मोठा आहे. 1978 च्या टेपमध्ये चौघेही सतत वाजवताहेत. गिटार सगळी मोकळी जागा भरून टाकते, ड्रम मागे धावताहेत, गायक ओरडतोय. चांगला पंक बँड, अशा बँडना तेव्हा इंग्लंडमध्ये तोटा नव्हता. वर्षभरात बँड बदलला आणि टेबलामागचा माणूसही बदलला, तिथं मार्टिन हॅनेट आला. हॅनेटनं स्टीफन मॉरिसला ड्रमचे भाग सुटे सुटे वाजवायला लावले, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरू नये. लँकेशरच्या एएमएस कंपनीचं डिजिटल डिले, म्हणजे आवाज किंचित उशिरानं पुन्हा ऐकवणारं यंत्र, तेव्हा नवंकोरं होतं, ते त्यानं स्नेअर ड्रमवर लावलं. एका गाण्यात गायक इयान कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या लाइनवरून घेतला. गिटारवाला बर्नार्ड समनर आणि बेसिस्ट पीटर हुक दोघांनाही हा अल्बम तेव्हा आवडला नव्हता. त्यांना स्टेजवरचा धडाका हवा होता, हाती आला तो थंडगार, पोकळ आवाज.

आणि "पैसे नव्हते, साधा स्टुडिओ होता" हे डोक्यातून काढून टाक. बँडकडे पैसे नव्हते हे खरं. पण स्टॉकपोर्टचा स्ट्रॉबेरी स्टुडिओ साधा नव्हता. 10सीसी या बँडच्या लोकांचा तो स्टुडिओ. त्यांचं 1975 चं गाजलेलं 'आय एम नॉट इन लव्ह' तिथंच थरावर थर चढवून रेकॉर्ड झालं होतं. म्हणजे त्या काळातल्या उत्तम यंत्रसामग्रीवर मुद्दाम कमी वाजवलेला तो अल्बम आहे. 'इज धिस इट'चीही हीच गंमत. तळघर, मोजकेच माइक, ज्युलियन कासाब्लांकासचा आवाज सरावाच्या छोट्या पीव्ही अ‍ॅम्पमधून काढलेला. पोरांना वाटतं, गेले आणि वाजवून आले. दोन गिटार नीट ऐक. एक डाव्या कानात, एक उजव्या, आणि एकीनं जिथं सोडलं तिथंच दुसरी उचलते. एक तार इकडची तिकडे नाही. असला बेफिकीर आवाज काढायला भयंकर शिस्त लागते. अकरा गाणी, जेमतेम 36 मिनिटं. तुझ्या ड्रमरला हा अल्बम आवडतो याचा मला आनंद आहे, कारण त्यात ड्रमर जवळजवळ काहीच करत नाही. हे त्याच्या लक्षात आलंय का, विचार एकदा.

आर्क्टिक मंकीजवर थोडक्यात. 2006 च्या जानेवारीत पहिल्या आठवड्यात 3,63,735 प्रती, ब्रिटनमध्ये तोवर कुठल्याच पहिल्या अल्बमनं इतक्या वेगानं मजल मारली नव्हती. 'इंटरनेटनं मोठे केले' असं त्यांच्याबद्दल म्हणतात. मूळ गोष्ट जुन्याच पद्धतीची: शेफिल्डमधल्या कार्यक्रमांत डेमोच्या सीडी फुकट वाटल्या, ऐकणाऱ्यांनी त्या एकमेकांना पाठवल्या. अल्बम येईपर्यंत लोकांना शब्द पाठ होते, आणि बँडलाही कुठल्या ओळीवर माणसं हसतात, कुठं उड्या मारतात हे माहीत होतं. त्यांचा टाकलेला अल्बम म्हणजे त्या फुकटच्या सीडी. तुमची बेसिस्ट चुकत नाही. फक्त अल्बम म्हणून बघितलं तर मधली दोन-तीन गाणी एकमेकांसारखी आहेत, हे तिनंही मान्य करावं.

एक फाटा फोडतो, कारण इथं हे वारंवार ऐकायला मिळतं. मँचेस्टर, शेफिल्ड ही कारखान्यांची शहरं, म्हणून तिथून असं संगीत आलं. आपल्याकडे उद्यमबाग आहे, फाउंड्र्या आहेत, मग बेळगावातूनही येईल. अशानं येत नसतं. फाउंड्री उद्यमबागेत आहे तशी कोल्हापुरात आहे, शिरोलीत आहे. तिकडे फॅक्टरी आणि रफ ट्रेडसारख्या छोट्या कंपन्या होत्या, ज्यांनी अनोळखी पोरांच्या हजारो प्रती छापायची जोखीम घेतली. 'अननोन प्लेझर्स'च्या पहिल्या खेपेलाच 10,000 छापल्या होत्या. रेडिओवर जॉन पील होता, रात्री बसून कुणाचीही टेप लावणारा. आणि गावागावात वाजवायला जागा होत्या. यातलं शेवटचं आपल्या हातात थोडंफार आहे, बाकीचं नाही.

आधीचं काम टाकून देण्याच्या नियमाला अपवाद आहेत, तेही सांगतो, नाहीतर तू मला पकडशील. द फॉलनं आपला पहिला अल्बम डिसेंबर 1978 मध्ये एका दिवसात रेकॉर्ड केला, दुसऱ्या दिवशी मिक्स. स्टुडिओ जास्त दिवस घेतला होता, पण गायक मार्क ई. स्मिथ आजारी पडला. वायर या बँडच्या 'पिंक फ्लॅग'मध्ये, 1977 साली, 35 मिनिटांत 21 गाणी आहेत. जे सांगायचं ते संपलं की गाणं तिथंच बंद. आणि गँग ऑफ फोर. लीड्सच्या या पोरांचा 'एंटरटेनमेंट!' 1979 चा. आधीच्या वर्षीच्या छोट्या रेकॉर्डवरची दोन गाणी त्यांनी यात नव्यानं वाजवली, म्हणजे अगदीच अपवाद म्हणता येणार नाही. अँडी गिलला व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची ऊब नको होती. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचा कोरडा, कापणारा आवाज त्यानं निवडला. गिटार मधेच बंद पडते, चार मात्रा काहीच नाही, मग पुन्हा एक फटकारा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गिटारवाल्याला मी हा अल्बम ऐकवतो. बहुतेकांना आवडत नाही.

आता निकाल. माझं मत 'मर्मर'ला. आर.ई.एम., एप्रिल 1983.

कुणी म्हणेल हा पोस्ट-पंकच नाही, अमेरिकन लोक याला कॉलेज रॉक म्हणतात. खुशाल म्हणा. ही मंडळी आली अथेन्स नावाच्या गावातून, जॉर्जिया राज्यातलं विद्यापीठाचं गाव. न्यूयॉर्क नाही, लॉस एंजेलिस नाही. रेकॉर्डिंग केलं शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनात, शार्लटमध्ये, मिच ईस्टर आणि डॉन डिक्सन या दोघांबरोबर. कंपनीला हवा होता रेडिओवर चालणारा भरगच्च आवाज. बँडनं ठरवलं होतं: गिटारचा सोलो नाही, त्या काळातले सिंथेसायझर नाहीत. पीटर बक रिकनबॅकर गिटारवर कॉर्ड तोडून एक-एक तार वाजवतो, त्यामुळे खाली माइक मिल्सच्या बेसला चालायला रस्ता मोकळा राहतो आणि अर्धी चाल तोच पेलतो. मायकेल स्टाइप स्टुडिओच्या बाजूच्या अंधाऱ्या जिन्यात उभा राहून गायला. शब्द अमेरिकनांनाही कळले नाहीत, तरी गाणी कळली. त्या वर्षी 'थ्रिलर'चा जगभर धुमाकूळ चालला होता, आणि 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या समीक्षकांनी वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून 'मर्मर' निवडला. खपाच्या हिशेबात दोघांची तुलनाच नाही, अर्थात.

'अननोन प्लेझर्स' माझ्या मते आवाज म्हणून मोठा आहे, पण तो हॅनेटचा जितका आहे तितकाच बँडचा. ते चौघे दुसऱ्या कुणाच्या हाती लागले असते तर तो अल्बम तसा झालाच नसता. 'मर्मर' मात्र चौघांनी ठरवून, नको त्याला नको म्हणून केलेला आहे, आणि मोठ्या शहराच्या बाहेर बसून केलेला आहे. बेळगावातल्या बँडनं शिकायचं असेल तर तिथून.

आता तुमच्या अल्बमकडे येतो.

पहिली गोष्ट बेसची. आपल्या भागात बेस वाजवणारे कमी, कारण वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्रात बेस म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात. त्यामुळे बेसिस्ट मिळाली तरी बाकीचे तिला कीबोर्डच्या डाव्या हातासारखंच वागवतात: कॉर्डचा मूळ सूर धर आणि गप्प बस. पोस्ट-पंक उलटा चालतो. पीटर हुक वरच्या तारांवर, वरच्या पट्टीत वाजवायचा. समनरचा अ‍ॅम्प इतका मोठा असायचा की खाली वाजवलं तर स्वतःचंच ऐकू यायचं नाही. तीच त्या बँडची ओळख झाली. तुमच्यापैकी कुणी तबला शिकलेलं असेल तर त्याला सांगा, हुकचा बेस म्हणजे लेहरा. तोच फिरत राहतो, समेवर आणून सोडतो, आणि त्याच्या आधारावर बाकीच्यांना काय करायचं ते करता येतं. लेहरा धरणारा मधेच ताना घेऊ लागला तर तबलजी काय म्हणेल? तुमच्या चौघांत सध्या सगळेच ताना घेताहेत असा माझा अंदाज आहे. तू पाठवलेल्या मोबाइलच्या क्लिपमध्ये तरी तसंच ऐकू येतं.

यावर उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा आहे. प्रत्येक गाणं चार वेळा वाजवा, दर वेळी एकानं गप्प बसायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करा. ज्याच्या गप्प बसण्यानं गाण्याला काहीच झालं नाही, त्याचा भाग टाकून द्या आणि नव्यानं बांधा. दोन गिटार असतील तर दोघांनी एकच कॉर्ड एकाच जागी वाजवायचा नाही. एकानं खालच्या तीन-चार पट्ट्यांत (फ्रेटमध्ये) धरला तर दुसऱ्यानं सातव्या-नवव्या पट्टीवर जावं, नाहीतर दोनच तारा वाजवाव्यात. हे आधी खोलीत झालं तर माझं अर्धं काम वाचतं. मिक्स करताना मी गिटारचा 100-120 हर्ट्झखालचा भाग तसाही कापतो, तिथं बेस आणि किक ड्रम राहतात. पण वाजवतानाच जागा ठेवली नसेल तर कापून जागा होत नाही, नुसता आवाज बारीक होतो.

ड्रमर. त्याचा हात चांगला आहे, वेगही. गणपतीत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीत वाजवून तयार झालेला हात ओळखू येतो. चार-चार तास रस्त्यावर चालत वाजवायचं, त्यात थांबायला मुभाच नाही. थांबला की मागचा ओरडतो. ती सवय खोलीत घेऊन येतो, प्रत्येक चौथ्या ओळीला फिल (मधली भरणी) मारतो. त्याला सांग, एक अख्खं गाणं क्रॅश सिंबल न वाजवता करून दाखव. यंग मार्बल जायंट्स हा कार्डिफचा बँड आहे, 1980 चा 'कोलॉसल यूथ'. तिघे जण, ड्रमरच नाही. ड्रम मशीनचा ठेका कॅसेटवर भरून आणायचे आणि त्यावर बेस, गिटार, कधी ऑर्गन, आणि अ‍ॅलिसन स्टॅटनचा साधा, न सजवलेला आवाज. त्यांचा तो एकच स्टुडिओ अल्बम, पण कर्ट कोबेनच्या आवडत्या रेकॉर्डमध्ये तो होता. ड्रमरला घाबरवायला नाही, पण ऐकव.

आता मराठी. तुम्ही मराठीत गाणार हे मला मनापासून पटलं. पण तुझ्या गाण्यात मला एक अडचण दिसते आणि ती तू शिकलेल्या सुगम संगीतातून आलेली आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी तू हरकत घेतोस. आपले शब्द बहुतेक स्वरावर संपतात, तो स्वर लांबवायचा मोह होतो, आणि त्यात एखादी मुरकी सहज सुटते. खाली कोरडा, सरळ ठेका चाललेला असताना ती मुरकी भावगीताच्या कार्यक्रमातून चुकून आल्यासारखी वाटते. ओळ छोटी कर. शेवटचा स्वर तोड. वाटलं तर गाऊच नको, बोल. या प्रकारात अर्धे गायक बोलतातच. द फॉलचा स्मिथ आयुष्यभर बोलला, अलीकडे ड्राय क्लीनिंग या बँडची फ्लॉरेन्स शॉ बोलते. आणि बोलायचं तर आपलं बोल. शब्द पुण्याचे आणू नकोस. खानापुरात आजीशी बोलतोस ती मराठी, कानडी शब्द मधे आला तर येऊ दे की. आर्क्टिक मंकीजच्या टर्नरनं शेफिल्डचा हेल सोडला नाही, फॉन्टेन्स डी.सी.चा 2019 चा पहिला अल्बम अस्सल डब्लिनच्या उच्चारात आहे. आपल्याकडे केरळच्या अवियल या बँडनं 2008 मध्ये मल्याळममध्ये रॉक अल्बम केला, तेव्हा तो मल्याळम न कळणाऱ्यांनीही ऐकला; मीही त्यातलाच.

सीमाभागात आहोत म्हणून भाषेवर गाणं लिहायलाच पाहिजे असं काही नाही, हेही सांगून ठेवतो. लिहावंसं वाटलं तर लिही. पण घोषणा सभेत बरी वाटते, अल्बममध्ये तिसऱ्यांदा ऐकवत नाही. गँग ऑफ फोर पक्के राजकीय, तरी त्यांच्या गाण्यात बाजारात काय घेतलं, टीव्हीवर काय दिसलं, प्रेमात कोण कुणाला काय विकतंय, हेच येतं.

जागा आणि हवामानाचं थोडं. तुमच्या खोलीला वर पत्रा आहे, म्हणजे जून ते सप्टेंबर तिथं रेकॉर्डिंग विसरायचं. बेळगावचा पाऊस प्रत्येक माइकमध्ये येतो. सराव चालू ठेवा. भिंतीला गोधड्या, जुन्या गाद्या लावल्या तर आवाजाचा खणखणाट कमी होतो, मात्र शेजाऱ्यांना ऐकू येणं काही कमी होत नाही. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. पावसाळ्यात गिटारची मान हलते, बाराव्या पट्टीवर सूर तपासत जा, नाहीतर खाली सुरात आणि वर बेसूर. आणि उन्हाळा कशाला धरलाय? एप्रिल-मेमध्ये लग्नसराई, रोज कुठं ना कुठं वरात; त्यात वैशाखात आपली शिवजयंती, तुमचा ड्रमर आठवडाभर हाताला लागणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा कोरडी असते, शहर शांत असतं, तेव्हा करा.

राहिला दहा-बारा गाण्यांचा हट्ट. तो सोडा. आधी चार गाणी करा. जॉय डिव्हिजनचं पहिलं प्रकाशन चार गाण्यांचंच होतं, 1978 मध्ये स्वतःच काढलेलं. सात इंची रेकॉर्डवर ते इतकं वाईट ऐकू आलं की त्याच वर्षी मोठ्या बारा इंचीवर पुन्हा काढावं लागलं. गँग ऑफ फोरची तीन, आर.ई.एम.ची 1982 मध्ये पाच, तीही मिच ईस्टरच्या घरच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत. ही चार गाणी लोकांना द्या, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवा, गोव्यात कुठं संधी मिळाली तर चोर्ला घाट उतरून जाऊन वाजवा. सहा महिन्यांनी ती रेकॉर्डिंग तुम्हाला ऐकवणार नाहीत. तेव्हा अल्बमचं बोलू.

गणपती झाले की ड्रमर मोकळा होईल, तेव्हा दोन दिवस सलग धरून या. बेसचा अ‍ॅम्प उचलून आणू नका, लाइन थेट घेऊ. दोन्ही गिटारच्या तारा आदल्या दिवशी नव्या घाला, त्याच सकाळी नको, सुरात ठरत नाहीत. ड्रम किट माझ्याकडे आहे, पण स्नेअर त्याची त्यानं आणावी. आणि चार गाण्यांचे शब्द कागदावर लिहून आणा, मोबाइलवर नको. तो मी खोलीबाहेर ठेवायला लावतो.